डोळ्यात लेन्स बसवायची तर आधी जागा मोजा

मायनस दहाचा नंबर लेझरने घालवायचा असेल तर कॉर्निया, म्हणजे डोळ्यापुढचा पारदर्शक पडदा, किती घासावा लागेल, याचं एक साधं गणित आहे. जेवढ्या व्यासाच्या भागावर उपचार करायचा त्याचा वर्ग करायचा आणि तीनने भागायचं. एका डायॉप्टरमागे, म्हणजे एका नंबरमागे, साधारण तेवढे मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) उडतात. ६ मिमीच्या भागाला हा आकडा १२ येतो. प्रत्यक्षात यंत्रं त्याहून थोडं जास्तच घेतात, म्हणजे दहा नंबरला १२० ते १४० मायक्रॉन. कॉर्निया ५२० मायक्रॉनचा आणि लेझरसाठी वर उचललेला पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, ११० चा धरला, तर खाली शाबूत राहतो २७० ते २९०. किमान २५० राहिलाच पाहिजे हा जुना दंडक. हल्ली बरेच सर्जन ३०० च्या खाली जायला राजी नसतात. शिवाय कॉर्निया इतका सपाट केला की रात्री बाहुली मोठी झाल्यावर दिव्यांभोवती वलयं दिसतात, आणि ती चष्म्यानेही जात नाहीत.

म्हणून मोठ्या नंबरांसाठी डोळ्यातून काही कमी करण्यापेक्षा डोळ्यात काहीतरी घालावं, हा विचार पुढे आला. नैसर्गिक भिंग तसंच ठेवून आत जास्तीची लेन्स बसवायची. अशा लेन्सला फेकिक लेन्स म्हणतात. मोतीबिंदूनंतरच्या लेन्सशी तिची गल्लत करू नये. तिथे नैसर्गिक भिंग काढून टाकलेलं असतं आणि त्याची रिकामी पिशवी हाताशी असते. इथे रिकामं असं काही नाही. पुढे कॉर्निया, मागे भिंग, मध्ये आयरिसचा रंगीत पडदा आणि जेमतेम ३ मिमीची पोकळी. लेन्सची पॉवर काढणं हा यातला सोपा भाग आहे. ती कुठे टेकणार, कशापासून किती लांब राहणार आणि दहा वर्षांनी ते अंतर किती उरेल, यावर बाकी सगळं ठरतं.

या तंत्राचा इतिहास म्हणजे जागा शोधत जाण्याचा इतिहास आहे. १९५३ च्या सुमारास इटलीत स्ट्राम्पेल्ली यांनी आयरिसच्या पुढे, कॉर्निया आणि आयरिस मिळतात त्या कोनात टेकणारी कडक लेन्स बसवली. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकेरी थर असतो, एंडोथेलियम. कॉर्नियात झिरपणारं पाणी सतत बाहेर काढून तो त्याला पारदर्शक ठेवतो. माणसात या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. पुढच्या कप्प्यातली लेन्स या थराच्या जवळ असते. डोळा चोळला, मान हलली की त्या पेशी मरायला तेवढी जवळीकही पुरते. कोनात टेकणाऱ्या लेन्सच्या पिढ्यांमागून पिढ्या याच कारणाने गेल्या. मऊ, घडी होणारी, चांगल्या कारागिरीची अॅक्रीसॉफ कॅशेसुद्धा पेशी घटत असल्याचं दिसल्यावर बाजारातून काढावी लागली. काही डोळ्यांत बाहुली लंबगोल होई, तो वेगळाच त्रास.

नेदरलँड्सचे यान वोर्स्ट यांनी लेन्सला खेकड्याच्या नांगीसारखे दोन चिमटे दिले आणि ती आयरिसवरच अडकवली. ही आर्टिसान लेन्स. अमेरिकेत तिला २००४ मध्ये मान्यता मिळाली. कोन मोकळा राहतो, मापाचा प्रश्न जवळजवळ संपतो, कारण एकच लांबी बहुतेकांना चालते. पण ती पीएमएमए या कडक प्लास्टिकची, घडी न होणारी, म्हणून छेद ५ ते ६ मिमीचा आणि टाके आलेच. टाक्यांच्या ताणाने कॉर्निया एका दिशेला जास्त वाकतो आणि नवा सिलिंड्रिकल नंबर येतो. आर्टिफ्लेक्स ही घडी होणारी आवृत्ती सुमारे ३.२ मिमीच्या छेदातून जाते. दोन्हींना आयुष्यभर दरवर्षी पेशींची मोजणी लागते, आणि ती चुकवणाऱ्याला ही लेन्स घालूच नये असं माझं ठाम मत आहे.

तिसरी जागा आयरिसच्या मागे, नैसर्गिक भिंगाच्या पुढे. १९८६ मध्ये सोव्हिएत रशियात फ्योदोरोव्ह यांनी तिथे सिलिकॉनची लेन्स बसवली. तिची मोठी अडचण होती मोतीबिंदू, कारण सिलिकॉन भिंगाला टेकत असे. आज जगभर सर्वाधिक वापरली जाणारी फेकिक लेन्स याच जागेत बसते: आयसीएल, इम्प्लांटेबल कॉलामर लेन्स. कॉलामर हा पाणी धरणारा प्लास्टिकचा प्रकार असून त्यात थोडं कोलॅजन असतं. त्यामुळे शरीराची प्रथिनं त्यावर फार चिकटत नाहीत. डोळ्यात ती पहिल्यांदा १९९३ मध्ये गेली. हायड्रोफिलिक, म्हणजे पाणी धरणाऱ्या अॅक्रिलिकची आयपीसीएल ही लेन्स याच घराण्यातली.

आता मोजमाप. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स किमान एक-दोन आठवडे, कडक असतील तर तीन-चार आठवडे बंद, कारण त्या कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतात. नंबर वर्षभरात अर्ध्या डायॉप्टरपेक्षा जास्त हललेला नसावा. थेंब घालून भिंगाचे स्नायू सैल करून नंबर पुन्हा काढायचा; तरुण डोळे जोर लावून मायनस वाढवून दाखवतात आणि मग ऑपरेशननंतर वाचताना डोकं दुखतं. चष्म्याची काच डोळ्यापासून किती अंतरावर होती हेही मोजायचं. सहसा १२ मिमी धरतात, पण मायनस १२ मध्ये हे अंतर २ मिमीने चुकलं तरी जवळपास पाव नंबर हलतो.

त्यानंतर खरी गोष्ट, पुढच्या कप्प्याची खोली. ती एंडोथेलियमपासून भिंगापर्यंत मोजायची. काही यंत्रं कॉर्नियाची जाडीही त्यात धरतात. ती वजा करायची राहिली तर अर्धा मिमी फुकट मिळाल्याचा भास होतो आणि अपात्र डोळा पात्र ठरतो. अमेरिकेत किमान ३ मिमी लागते, युरोपात २.८ चालते. कोन उघडा हवा. पेशींची मोजणी वयाच्या मानाने भरपूर हवी; तरुणात प्रत्येक चौरस मिमीला २५०० च्या वर अपेक्षित असते, आणि ती ५००–७०० पर्यंत उतरली की कॉर्नियाला सूज येऊ लागते. मधलं अंतर हीच आयुष्यभराची शिल्लक.

आयसीएलचे चार व्यास मिळतात: १२.१, १२.६, १३.२ आणि १३.७ मिमी. लेन्सचे पाय आयरिसच्या मागच्या खोबणीत, सल्कसमध्ये टेकतात आणि मधला भाग कमानीसारखा उचलला जातो. ही कमान आणि भिंग यांच्यातली फट म्हणजे व्हॉल्ट. साधारण २५० ते ७५० मायक्रॉन व्हॉल्ट हवा. लेन्स सल्कसपेक्षा लहान पडली तर कमान सपाट होते, भिंगाजवळच्या पाण्याचं वाहणं मंदावतं, प्रसंगी लेन्स टेकते आणि भिंगाच्या पुढच्या बाजूला मोतीबिंदू धरतो. मोठी पडली तर कमान फुगते, आयरिसला पुढे ढकलते, कोन अरुंद होतो, आयरिसच्या पाठीवरचं रंगद्रव्य घासलं जाऊन पाणी बाहेर जाण्याच्या जाळीत अडकतं आणि डोळ्याचा दाब वाढू शकतो.

अडचण अशी की सल्कस दिसत नाही. आयरिसमागे प्रकाश पोचत नाही, म्हणून प्रकाशावर चालणारं कोणतंही यंत्र तो थेट मोजू शकत नाही. जुनी रीत म्हणजे व्हाइट-टु-व्हाइट: कॉर्नियाच्या एका पांढऱ्या कडेपासून दुसरीपर्यंतची आडवी रुंदी. त्यात सुमारे अर्धा मिमी मिळवायचा, कप्पा खोल असेल तर थोडं जास्त, आणि जवळचा व्यास निवडायचा. पण कॉर्नियाची रुंदी आणि सल्कसची रुंदी यांचं नातं सैल आहे. त्यात एका यंत्राचा व्हाइट-टु-व्हाइट दुसऱ्याशी जुळत नाही. दोन-तीन दशांश मिमीचा फरक सहज पडतो, आणि दोन व्यासांच्या सीमेवरच्या डोळ्यात तेवढ्यानेच निवड बदलते. यूबीएम, म्हणजे उच्च वारंवारतेची सोनोग्राफी, सल्कस प्रत्यक्ष दाखवते, पण ती करणाऱ्याचा हात बसलेला लागतो. सोनोग्राफीचा काप किंचित तिरका गेला की माप चुकतं. पुढच्या भागाचा ओसीटी, म्हणजे प्रकाशाने डोळ्याचे काप दाखवणारा स्कॅन, कोनापासून कोनापर्यंतचं अंतर आणि भिंग त्या रेषेच्या किती पुढे आलंय हे छान दाखवतो. त्या रेषेच्या पुढे आलेलं भिंग व्हॉल्ट खातं, हे विसरून चालत नाही. निदान दोन वेगळ्या पद्धतींनी माप घ्यावं आणि ती भांडत असतील तर तिसऱ्यांदा मोजावं. लेन्स मागवण्याची घाई इथे महागात पडते.

२०११ पासून युरोपात आणि २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या ईव्हीओ प्रकारात लेन्सच्या मध्यभागी ०.३६ मिमीचं भोक आहे. त्याआधीच्या लेन्समध्ये आयरिसमागचं पाणी पुढे यायला वाट राहत नसे, म्हणून एक-दोन आठवडे आधी याग लेझरने आयरिसच्या वरच्या भागात दोन छिद्रं पाडावी लागत. मधल्या भोकाने ती पायरी गेली, आणि भिंगावरून पाणी वाहतं राहिल्याने मोतीबिंदूचं प्रमाणही बरंच खाली आलं. भोकाच्या कडेवरून प्रकाश विखुरतो, म्हणून पहिले काही आठवडे दिव्यांभोवती बारीक कडं दिसतं; बहुतेकांना पुढे ते जाणवेनासं होतं.

ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांचं असतं. बाहुली थेंबांनी पूर्ण मोठी करायची, अर्धवट मोठी झाली तर थांबावं. टोरिक लेन्स (सिलिंड्रिकल नंबरही घालवणारी) असेल तर आडव्या अक्षाची खूण रुग्णाला बसवूनच करायची, कारण आडवं झाल्यावर डोळा काही अंश फिरतो. लेन्स कार्ट्रिजमध्ये, म्हणजे ती आत सोडायच्या नळीत, भरताना दोन्ही लांब कडा सारख्या दुमडल्या आहेत का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, आणि कॉलामर कोरडं पडू द्यायचं नाही. बाजूला एक-दोन बारीक छेद, कानाकडच्या बाजूने सुमारे ३ मिमीचा मुख्य छेद, मग जागा उघडी ठेवायला कप्प्यात व्हिस्कोइलॅस्टिक जेल. इथे २% एचपीएमसीसारखं सहज धुऊन निघणारं जेल वापरावं. चिकटून बसणारं जेल लेन्समागे अडकलं की काढता येत नाही.

लेन्स सावकाश सोडायची, म्हणजे ती उलगडताना बाजू कळते. पायांवर दोन खुणा असतात, पुढच्या उजव्या आणि मागच्या डाव्या पायावर. त्या तशाच दिसल्या तर लेन्स सुलटी. उलटी गेली तर आतच पलटवायचा मोह आवरावा. भिंगाला धक्का लागतो. बाहेर काढून पुन्हा भरावी. मग मॅनिप्युलेटर या बारीक हत्याराने चारही पाय एकेक करून आयरिसखाली सरकवायचे. मॅनिप्युलेटर लेन्सच्या मधल्या भागावर आणायचाच नाही, कारण त्याच्याखाली लगेच भिंग आहे. शेवटी जेल संपूर्ण धुवायचं. या पायरीवर दोन मिनिटं जास्त गेलेली नेहमीच परवडतात.

त्याचं कारण पहिल्या काही तासांत दिसतं. आत राहिलेलं जेल पाणी बाहेर जाण्याचा मार्ग तुंबवतं आणि डोळ्याचा दाब चढतो. म्हणून रुग्णाला लगेच घरी न सोडता एक ते काही तासांत दाब तपासायचा. कपाळ दुखणं, मळमळ, धूसर दिसणं ही लक्षणं असली तर वाट पाहायची नाही. बाजूच्या छेदातून निर्जंतुक पद्धतीने थोडं पाणी सोडलं की दाब उतरतो, जोडीला दाब उतरवणारं अॅसिटाझोलामाइड आणि थेंब. दाब कधी वाढला यावरून कारण बरंचसं ओळखता येतं. पहिल्या दिवशीच कप्पा उथळ आणि आयरिस पुढे फुगलेली दिसली, तर भोक जेलने बुजलंय किंवा पाणी मागे अडकलंय. दोन ते चार आठवड्यांनी, कप्पा खोल असताना दाब वाढला, तर संशय ऑपरेशननंतर दिलेल्या स्टिरॉइड थेंबांवर. ते बंद केले की दाब हळूहळू खाली येतो. महिन्यांनी वाढला तर व्हॉल्ट आणि कोन पुन्हा मोजायचा. ही तीन कारणं एकाच औषधाने झाकत बसणं ही नेहमी आढळणारी चूक आहे.

व्हॉल्ट स्लिट लॅम्पवरही, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावरही, अंदाजता येतो. कॉर्नियाची मधली जाडी ५०० मायक्रॉनच्या थोडी वर असते. लेन्स आणि भिंग यांच्यातली काळी फट कॉर्नियाच्या जाडीशी ताडून पाहायची: अर्धी असेल तर २५०, तेवढीच असेल तर ५००. प्रकाश वाढला की बाहुली आक्रसते, आयरिस लेन्सला मागे दाबते आणि व्हॉल्ट घटतो. म्हणून दर भेटीला सारख्याच उजेडात मोजावं. वयाबरोबर नैसर्गिक भिंग दरवर्षी सुमारे २० मायक्रॉन जाड होत जातं, म्हणजे आज काठावर असलेला व्हॉल्ट पंधरा वर्षांनी काठावर राहणार नाही. पंचविशीतल्या डोळ्यात १५० मायक्रॉनचा व्हॉल्ट मला स्वस्थ बसू देणार नाही. चाळिशीतल्यात तोच लक्ष ठेवून सांभाळता येईल. उलट ९०० चा व्हॉल्ट, कोन उघडा आणि दाब नेहमीसारखा असेल तर केवळ आकड्यासाठी लेन्स बदलू नये.

टोरिक लेन्स एक अंश फिरली की सिलिंड्रिकल नंबरचा सुमारे ३.३% परिणाम जातो. दहा अंशांत एक तृतीयांश, तीस अंशांत सगळाच. एकदा फिरली तर फिरवून जागेवर आणता येते. पुन्हा फिरली तर ती सल्कसला लहान आहे असं समजावं आणि मोठा व्यास घ्यावा.

रुग्णाला स्पष्ट सांगायच्या दोन गोष्टी आहेत. चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागणारच, साधी आयसीएल तो टाळत नाही. आणि नंबर गेला तरी डोळा लांबच राहतो. मोठा मायनस म्हणजे सहसा लांब डोळा, ताणलेलं दृष्टिपटल. ते फाटण्याचा धोका लेन्सने कमी होत नाही. बाहुली मोठी करून दृष्टिपटलाच्या कडा आधी तपासायच्या, भोकं असतील तर लेझर करून घ्यायचं, आणि नंतरही दरवर्षी तपासत राहायचं. अचानक काळे ठिपके, विजेसारखे लखलखाट, कडेने पडदा सरकल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं. पुढे मोतीबिंदू झाला तर आयसीएल छोट्या छेदातून काढून त्याच बैठकीत मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्यासाठी लेन्सचा प्रकार, पॉवर, व्यास आणि अक्ष लिहिलेलं कार्ड जपून ठेवावं, सोबत ऑपरेशनपूर्वीची मापंही.

आता कॉर्नियाच्या आत बसवण्याच्या वस्तू. इथे जागेचा प्रश्न आणखी कठीण, कारण कॉर्नियात रक्तवाहिन्या नाहीत. प्राणवायू बाहेरच्या हवेतून येतो, ग्लुकोज आतल्या पाण्यातून वर झिरपतं. मधोमध काहीही ठेवलं की त्याच्या वरच्या थरांचा पुरवठा अडतो. १९४९ मध्ये होसे बाराकेर यांनी काचेच्या आणि प्लास्टिकच्या चकत्या वापरून पाहिल्या, आणि ज्यातून काही झिरपत नाही अशा पदार्थांवरचा कॉर्निया पातळ होऊन आतली वस्तू उघडी पडते हे पुढे वारंवार दिसलं.

चाळिशीच्या चष्म्याला पर्याय म्हणून आलेल्या इनलेंनी, म्हणजे कॉर्नियात बसवायच्या चकत्यांनी, यावर दोन उत्तरं शोधली. काम्रा ही ३.८ मिमीची काळी चकती, मध्ये १.६ मिमीचं भोक. ते पिनहोलसारखं काम करून फोकसची खोली वाढवतं. जाडी अवघी ५–६ मायक्रॉन आणि पोषण जाण्यासाठी ८४०० सूक्ष्म छिद्रं. ती फक्त एका, कमी वर्चस्वाच्या (नेम धरताना आपण वापरत नाही त्या) डोळ्यात बसवत आणि कॉर्नियात २०० मायक्रॉनपेक्षा खोल कोरलेल्या खिशात ठेवावी लागे. उथळ ठेवली किंवा मध्यापासून थोडी सरकली की दिसणं बिघडे. रेनड्रॉप वेगळी: २ मिमीचा पारदर्शक हायड्रोजेलचा थेंब, कॉर्नियाचा मध्य किंचित उंचावणारा. अमेरिकेत तिला २०१६ मध्ये मान्यता मिळाली, आणि २०१८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने ती वापरू नये असा इशारा दिला. मान्यतेनंतरच्या पाठपुराव्यात सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांच्या कॉर्नियात धूसरपणा आढळला होता. पदार्थ पाणी आणि पोषण जाऊ देणारा असूनही कॉर्नियातल्या पेशींनी त्याला परका मानलं. पहिल्या दोन वर्षांचे निकाल पाहून कॉर्नियातल्या वस्तूबद्दल निर्णय घेऊ नये, हे माझं मत या प्रकरणाने पक्कं झालं.

कडेने बसणाऱ्या रिंगांचं मात्र टिकलं. मध्य मोकळा सोडून कॉर्नियाच्या परिघात प्लास्टिकची कमान सरकवली की तिथे जाडी वाढते आणि मध्य सपाट होतो. कमान जितकी जाड आणि तिचा व्यास जितका लहान, तितका परिणाम जास्त. इन्टॅक्सला १९९९ मध्ये कमी मायनस नंबरसाठी मान्यता मिळाली होती, पण तिचं खरं काम ठरलं केराटोकोनस, म्हणजे पुढे शंकूसारखा झुकणारा कॉर्निया. इन्टॅक्सची कमान १५० अंशांची, आतला व्यास ६.८ मिमी, फेरारा प्रकारच्या, आडव्या कापात त्रिकोणी दिसणाऱ्या कमानी ५ मिमीच्या वर्तुळात बसतात.

बोगदा हल्ली फेम्टोसेकंद लेझरने कोरतात, कॉर्नियाच्या जाडीच्या ७० ते ८० टक्के खोलीवर. जाडी बोगद्याच्या संपूर्ण वाटेवर मोजायची. केवळ मध्यावरची जाडी फसवते. उथळ गेलेली कमान वरचा थर पातळ करत एक दिवस बाहेर डोकावते; फार खोल गेली तर आत भोक पडण्याची भीती. कमानीचं टोक छेदाच्या तोंडापासून थोडं आत राहिलं पाहिजे, नाहीतर तिथून जंतू शिरतात किंवा कमान सरकून येते. बोगद्यात पांढरट कण साचलेले पुष्कळदा दिसतात, ते निरुपद्रवी असतात. लाली, दुखणं आणि पांढरा डाग असेल तर तो संसर्ग, आणि कमान काढावी लागते. प्लास्टिकऐवजी दात्याच्या कॉर्नियाची पट्टी बोगद्यात घालण्याची केअर्स ही पद्धत चेन्नईच्या डॉ. सूसन जेकब यांनी मांडली. त्यांचा पहिला लेख २०१८ चा. मानवी ऊतक असल्याने ती कमी खोलीवरही ठेवता येते आणि वरचा थर झिजण्याची भीती खूप कमी होते.

रिंग कॉर्नियाचा आकार सुधारते, आजार थांबवत नाही. केराटोकोनस वाढता असेल तर रायबोफ्लेविन (बी-२ जीवनसत्त्व) आणि अतिनील किरणांनी कॉर्निया ताठ करणारं क्रॉसलिंकिंग लागतंच, आणि नेहमीच्या पद्धतीत त्यासाठी कॉर्निया किमान ४०० मायक्रॉन हवा. क्रॉसलिंकिंगने कॉर्निया ताठ होतो आणि ताठ कॉर्निया रिंगने कमी वळतो, म्हणून रिंग आधी किंवा त्याच बैठकीत बसवणं मला पटतं. मात्र आजार झपाट्याने वाढत असेल तर क्रॉसलिंकिंगला थांबवून ठेवू नये. नंतरही चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स बहुधा लागते, फक्त ती आता डोळ्यावर नीट बसते. आणि डोळे चोळणं पूर्ण बंद करायचं. खाज येत असेल तर अॅलर्जीचे थेंब सुरू करायचे, कारण चोळत राहिलं तर रिंग सरकते आणि आजारही वाढत राहतो.